अकरा जबड्यांचा गाळ

धाकटी सून जिन्यात समोरून आली आणि भिंतीवरच्या पाटीकडे बघावं तसं मावशींकडे बघून वर निघून गेली. हे पहिल्यांदा घडलं असतं तर आपण सोडून दिलं असतं, असं मावशी म्हणायच्या. पण दोन वर्षं हेच चाललं होतं. सकाळी दोघी एकाच किटलीतला चहा प्यायच्या, एकाच बसने यायच्या, आणि संस्थेच्या फाटकात पाय पडला की धाकटी आपलं सूनपण पहारेकऱ्याकडे ठेवायला दिल्यासारखी पुढे निघायची. संध्याकाळी जाताना ते परत घेऊन जायची. याबद्दल मावशींच्या मनात जे होतं ते चारचौघांत बोलण्यासारखं नव्हतं, म्हणून त्या ते फक्त टिपकागदाशी बोलायच्या.

“माझ्याकडे बघून हिला लागण होते का रे?”

“वर कामाची घाई असते, मावशी.”

“मान हलवायला किती वेळ लागतो? मान हलवायची असते, कपाट नाही.”

टिपकागद हे नाव मावशींनीच दिलेलं. धुतलेली हाडं मऊ फडक्याने टिपून फळ्यांवर वाळत घालणं हे त्या पन्नाशीच्या माणसाचं काम होतं, आणि इमारतीत कुठेही कुणी काही बोललं की ते शोषून घेणं हा त्याचा स्वभाव. शोषलेलं दुसऱ्या बाजूने उमटायचंही. फक्त तिसऱ्या मजल्यावरची ती हुशार मुलगी मावशींची सून आहे, एवढी एक गोष्ट त्याने आत धरून ठेवली होती, कारण मावशींनी त्याला बजावलं होतं, “कुणाला बोललास तर याच ब्रशने तुझी जीभ घासून काढीन.” ओळख हवी आणि गवगवाही नको, या दोन गोष्टी एकत्र कशा जमायच्या, हे टिपकागदाने कधी विचारलं नाही. जीभ त्याला प्रिय होती.

संस्थेचं काम जुन्या माणसांचं होतं. कुठे पाया खणताना जुनी दफनभूमी लागली की तिथली हाडं पेट्यांत भरून इथे यायची. वरच्या मजल्यांवर शिकलेली माणसं ती हाडं सूक्ष्मदर्शकाखाली धरून ही माणसं काय खात होती, कशाने आजारी पडली, कशाने गेली याचा शोध घ्यायची. पण त्याआधी त्या हाडांवरची माती काढावी लागे, आणि ते तळघरात व्हायचं. तीन दगडी कुंड्या, एक लांब टेबल, भिंतीभर लाकडी फळ्या आणि छताला लागून एक आडवी खिडकी, जिच्यातून रस्त्यावरच्या लोकांचे फक्त पाय दिसायचे. या खोलीवर मावशींचं एकतीस वर्षं राज्य होतं. तीन साहेब निवृत्त झाले, आता मॅडम होत्या. मावशी होत्या तिथेच होत्या.

त्यांचे दोन कायदे होते आणि ते मोडायची कुणाची छाती नव्हती.

पहिला कायदा गाळाचा. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका लहान मुलाचा दुधाचा दात घमेल्यातल्या पाण्याबरोबर मोरीत गेला होता. मावशींनी नळ बंद केला, पाइप उकलला आणि कोपरापर्यंत हात घालून दोन तासांनी तो दात बाहेर काढला. तेव्हापासून धुण्याचं पाणी थेट मोरीत जाणं बंद झालं. एका पेटीला एक घमेलं. पाणी निवळू द्यायचं, वरचं वर हळू ओतायचं, तळाचा गाळ फडक्यावर पसरून वाळवायचा, पुडी बांधायची, पुडीवर पेटीचा आकडा टाकायचा आणि पुडी बिस्किटांच्या डब्यात ठेवायची. पेटी वर पोचल्याची सही आली की शनिवारी तो गाळ मागच्या फुलझाडांना जायचा. वरची तरुण मंडळी याला मावशींचा चिखलखाना म्हणत. एकतीस वर्षांत त्या चिखलातून चार दात आणि एक मणी निघाला होता. तेवढ्यासाठी एवढा खटाटोप, म्हणून हसायचे.

दुसरा कायदा असा, की ज्याची पेटी त्याने स्वतः खाली यायचं आणि काय करायचं ते तोंडाने सांगायचं. “माझ्या खोलीत कागद चालत नाही,” मावशी म्हणायच्या. “कागद भिजतो.” लोक म्हणायचे, म्हातारीला मान हवाय, म्हणून मोठमोठ्या पदव्यांच्या माणसांना खाली बोलावते. मावशींनी हा समज कधी खोडला नाही. माजोरडी म्हणवून घेणं त्यांना चालत होतं.

खरं कारण फक्त त्यांच्या नवऱ्याला ठाऊक होतं, आणि तो जाऊन नऊ वर्षं झाली होती. मावशी शाळेत दोन वर्षं गेल्या होत्या. आकड्यांत त्यांना कुणी फसवू शकत नव्हतं. छापील मोठं अक्षर समोर धरलं तर एकेक करत जोडताही यायचं. पण हाताने लिहिलेली ओळ त्यांच्यापुढे आली की दोऱ्याचा गुंता व्हायचा. घरात हे कुणाला माहीत नव्हतं. ना मुलांना, ना सुनांना. सकाळी मावशी डोळ्यांवर चष्मा चढवून वर्तमानपत्र उघडायच्या, पानं उलटायच्या, मध्येच “काय हे दिवस” म्हणायच्या आणि घडी घालून ठेवून द्यायच्या. तीस-पस्तीस वर्षांत यात एकदाही चूक झाली नव्हती.

त्या सोमवारी एकोणीस पेट्या आल्या. शहराबाहेरच्या एका जुन्या रुग्णाश्रमामागची दफनभूमी होती ती, काही शे वर्षांपूर्वीची. पेट्या धाकटीच्या होत्या. आतापर्यंत ती दुसऱ्यांनी आणलेल्या हाडांवर काम करत होती. ही पहिल्यांदाच तिची स्वतःची. मावशींना हे टिपकागदाकडून कळलं. घरी धाकटीने चकार शब्द काढला नव्हता.

धाकटी खाली आली नाही. पहिल्या पेटीत, कवटीच्या वर, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली एक चिठ्ठी मात्र होती. अर्धं पान, बारीक, देखणं अक्षर. अक्षर कुणाचं ते मावशींनी ओळखलं. किराणाच्या यादीवर ते रोज दिसायचं.

मावशींच्या अंगाचा तिळपापड झाला.

“चिठ्ठी पाठवते! मला! तीन जिने उतरायला पाय दुखले असतील बाईसाहेबांचे.”

“काय लिहिलंय?” टिपकागदाने मान लांब केली.

“काय लिहिणार? नीट धुवा, सांभाळून धुवा. एकतीस वर्षं मी काय गोट्या खेळत होते इथे?” असं म्हणून त्यांनी चिठ्ठी दोन घड्या करून चष्म्याच्या डबीत घातली आणि डबी खटकन मिटली.

टिपकागदाला वाचायला दिली असती तर अर्ध्या मिनिटाचं काम होतं. पण वाचून दाखव म्हणायचं म्हणजे वाचता येत नाही म्हणायचं. शिवाय रागही होता. आणि राग आला की मावशींचा हात जास्त चालायचा.

त्या आठवड्यात त्यांनी जसं काम केलं तसं गेल्या कित्येक वर्षांत केलं नव्हतं. हाडांवरची माती तर निघालीच, पण खरी कमाल त्यांनी दातांवर केली. बहुतेक दातांवर पिवळट करड्या रंगाचं जाड कीटण चढलेलं होतं, काहींवर तर चुन्याच्या थरासारखं. वरचे लोक ते असंच ठेवायचे, कुणी कधी त्याबद्दल बोललं नव्हतं आणि मावशींनाही कधी त्याच्या वाटेला जायचं कारण नव्हतं. या वेळी त्यांनी बांबूची काडी घेतली, मऊ ब्रश घेतला आणि एकेक दात सोलून काढला. धाकटीला कळू दे, काम कशाला म्हणतात. शुक्रवारपर्यंत अकरा पेट्या झाल्या. अकरा जबडे फळीवर मांडले तेव्हा टिपकागद म्हणाला, “यांनी जिवंतपणी एवढे स्वच्छ दात पाहिले नसतील.”

“जिवंतपणी यांच्या घरी मी नव्हते.”

सहाव्या पेटीपाशी मात्र त्यांचा हात थोडा रेंगाळला होता. बाईची कवटी होती. नाकाचं हाड झिजून गोल झालेलं, म्हणजे महारोग. मावशींना ते वाचायला पुस्तक लागत नव्हतं. पण जबड्याचा एका बाजूचा सांधाच मिटला होता. हाडाला हाड जुळून एकसंध झालं होतं. मावशींनी अंगठा फिरवून पाहिला.

“हिचं तोंड उघडत नव्हतं,” त्या म्हणाल्या.

“मग लवकर गेली असेल.”

“डोळे आहेत का तुला? हे हाड एका दिवसात असं जुळतं? वर्षं लागतात. आणि हे बघ.” समोरचे दोन दात नव्हते, आणि त्यांच्या खाचा बुजून गुळगुळीत झाल्या होत्या. “इथून घालत असतील काहीतरी. चमच्याने, नळीने, देवाला ठाऊक. रोज. कुणीतरी बसून भरवलंय हिला.”

टिपकागदाने मान डोलावली आणि फडकं पिळलं. मावशींनी तिचेही दात तितकेच लख्ख केले. गाळाच्या अकरा पुड्या डब्यात गेल्या. शुक्रवारी संध्याकाळी पेट्या वर गेल्या, पोचल्याची सही खाली आली.

शनिवारी सकाळी टिपकागद मागच्या फुलझाडांकडे गेला आणि रिकाम्या डब्याऐवजी अर्धवट भरलेला डबा घेऊन धावत परत आला. खिडकीखाली वरच्या दोन मुली बोलताना त्याने ऐकलं होतं.

“मावशी, घोटाळा झालाय. त्या दातांवरचं कीटण... तेच हवं होतं त्यांना.”

“कीटण? ते काय करायचंय, पावडर लावून विकायचंय?”

मग त्याने जे शोषलं होतं ते पिळून काढलं. माणूस जे खातो-पितो त्याचे कण दातांवरच्या कीटणात अडकतात. कीटण दगडासारखं घट्ट होतं आणि आत अडकलेलं शेकडो वर्षं तसंच राहतं. पीठ असो, पाला असो, औषध असो. पूर्वी हे कुणाला बघता येत नव्हतं, आता येतं. त्या रुग्णाश्रमाबद्दल जुन्या कागदांत एवढंच आहे की महारोग झालेल्या लोकांना तिथे ठेवत. ठेवून काय करत, ते कुणी लिहिलेलं नाही. तिथे आणून नुसते टाकत, मरेपर्यंत, की काही औषधपाणी, खाणंपिणं करत, हे शोधायला धाकटीने दीड वर्ष घालवून परवानगी मिळवली होती. आजारी माणसांच्या पेट्या त्या अकराच. उरलेल्या आठ तिथे काम करणाऱ्या धडधाकट लोकांच्या, तुलनेसाठी.

“मॅडम म्हणाल्या, खाली स्पष्ट सूचना का दिली नाहीस. ही म्हणते, चिठ्ठी लिहिली होती. मॅडम म्हणाल्या, दाखव. पेटीत नाही, फाइलीत नाही. सोमवारी ठरवणार. काम काढून दुसऱ्याला देतील म्हणे.”

मावशींनी त्याच्या हातातला डबा घेतला आणि पुड्या मोजल्या. सात.

“चार कुठायत?”

“सही आली होती ना, मावशी. शनिवार आहे.”

“टाकल्यास?”

“मातीत मिसळल्या. वर पाणीही घातलं.”

एरवी मावशींनी त्याला उभा सोलला असता. आज त्यांनी डबा कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली ॲप्रनच्या खिशात टाकली. चष्म्याची डबी दुसऱ्या खिशात होती. ती दिवसभर मांडीला लागत राहिली.

हिशेब सरळ होता. चिठ्ठी दाखवली तर धाकटी सुटते आणि मावशी अडकतात. नुसत्या कामात नाही, सगळ्याच बाबतीत अडकतात, कारण पुढचा प्रश्न ‘मग वाचली का नाहीत’ हाच असणार. चिठ्ठी दाखवली नाही तर काहीच होत नाही. चिठ्ठ्या हरवतात. कागद भिजतो.

घरी संध्याकाळी धाकटीने जेवण वाढलं, स्वतः दोन घास खाल्ले आणि उठली. मावशींचा मुलगा म्हणाला, “काय गं, बरं नाही का?”

“डोकं दुखतंय जरा.”

ती मावशींकडे बघून एक शब्द बोलली नाही. ‘आई, माझी चिठ्ठी मिळाली होती का?’ एवढं विचारणं तिच्या हातात होतं. मावशी तिच्या त्या प्रश्नाची वाट बघत बसल्या होत्या, उत्तर तयार करून. उत्तर खोटं होतं, पण पक्कं होतं. प्रश्न आलाच नाही. कामावरचं कामावर आणि घरातलं घरात, हे धाकटी इतकं काटेकोर पाळत होती की मावशींना पहिल्यांदाच त्याचा संताप आला नाही, भीती वाटली.

रविवारी सकाळी मावशी वर्तमानपत्र घेऊन बसल्या. धाकटी समोर येऊन बसली. डोळे सुजलेले.

“आई, काहीतरी वाचून दाखवा ना. माझे डोळे चुरचुरतायत.”

पस्तीस वर्षांत हे कुणी मागितलं नव्हतं. मावशींनी पान उलटलं. मोठा फोटो होता. नदी, पूल, पुलावर माणसांची गर्दी.

“हे बघ,” त्या म्हणाल्या, “पूल खचलाय कुठेतरी. लोक बघ कसे जमलेत. काय हे दिवस.”

धाकटीने फोटोकडे पाहिलं. मग फोटोखालच्या ओळीकडे. मग बराच वेळ हातातल्या कपाकडे. पूल खचला नव्हता. नवा पूल खुला झाला होता आणि लोक टाळ्या वाजवत होते, हे मावशींना पुढे कित्येक दिवसांनी कळलं. त्या क्षणी त्यांना एवढंच दिसलं की धाकटीचा चेहरा बदलला.

“कुणाला लागलं नाही ना?” तिने विचारलं.

“तसं काही लिहिलेलं नाही.”

“बरं झालं,” धाकटी म्हणाली आणि कप विसळायला उठली.

सोमवारी दहा वाजता मावशी तिसऱ्या मजल्यावर गेल्या. एका हातात बिस्किटांचा डबा, दुसऱ्या हाताने कठडा धरलेला. एकतीस वर्षांत त्या वर तीनदा आल्या होत्या, तिन्ही वेळा कुणाच्या तरी निरोपसमारंभाला. मॅडमच्या खोलीचं दार उघडं होतं. आत मॅडम, धाकटी आणि आणखी दोन शिकलेली माणसं होती. मध्ये टेबलावर एक जबडा ठेवला होता. त्याचे दात खिडकीच्या उजेडात चमकत होते.

“मावशी? तुम्ही वर कशाला आलात? आम्ही आलोच असतो,” मॅडम म्हणाल्या.

मावशींनी तोंड उघडायच्या आत धाकटी बोलली. घाईघाईने, खाली बघून. “मॅडम, माझी चूक आहे. चिठ्ठी मी लिहिली, पण पेटीत ठेवायला विसरले असणार. खाली मिळालीच नसेल. मी... माझंच चुकलं.”

मावशींनी तिच्याकडे पाहिलं. हिला स्वयंपाकघरातला गॅस बंद केलाय की नाही हे तीनदा बघायची सवय. ही काही ठेवायला विसरणाऱ्यांतली नव्हती. रविवारचा पूल त्यांच्या डोळ्यांसमोर आला, आणि ही आपल्याला झाकतेय, हे ध्यानात यायला त्यांना फार वेळ लागला नाही. आयुष्यभर मावशींनी दुसऱ्यांना झाकलं होतं. कुणी आपल्यावर पांघरूण घालावं, हे त्यांना सहन होण्यातलं नव्हतं.

“काही विसरली नाही ती,” त्या म्हणाल्या. डबी उघडली, चिठ्ठी काढली, टेबलावर जबड्याशेजारी ठेवली. “सोमवारी मिळाली. पहिल्या पेटीत होती. तेव्हापासून माझ्याकडे आहे.”

“मग तुम्ही वाचली नाहीत?”

“मला वाचता येत नाही.”

मावशींनी हनुवटी वर केली.

“आकडे येतात. छापील अक्षर येतं थोडं थोडं. हाताचं येत नाही. म्हणून मी म्हणते खाली येऊन सांगा. तुम्हाला वाटतं मला मस्ती आहे. ती पण आहे.”

मॅडमनी चिठ्ठीची घडी उलगडली आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. “आई—” त्या थांबल्या. धाकटीकडे पाहिलं, मग मावशींकडे, मग पुन्हा चिठ्ठीकडे. “आई, या पेट्यांतले दात धुवायचे नाहीत. दातांना पाणी, ब्रश, काडी काहीच लावायचं नाही, कारण त्यांच्यावरचं कीटण मला हवं आहे. बाकी हाडं तुम्ही नेहमी धुता तशीच धुवा, त्यात मी काय सांगणार. तुमच्या हातून जातायत म्हणून मला काळजी नाही.”

शेवटच्या ओळीनंतर मॅडमनी कागद हळूच खाली ठेवला. मावशी त्या कागदाकडे बघत राहिल्या. आठवडाभर तो त्यांच्या मांडीला लागत होता, आणि त्याचा पहिला शब्द काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.

“बरं,” त्या म्हणाल्या आणि डबा पुढे सरकवला. “जे निघालं ते यात आहे. पाण्याचा गाळ. एका पेटीची एक पुडी, वर आकडा टाकलाय. अकरा होत्या, सात राहिल्यात. चार फुलझाडांना गेल्या. ती चूक टिपकागदाची नाही, माझ्या कायद्याची आहे.”

शिकलेल्या दोघांतला एक म्हणाला, “धुतलेल्या पाण्यातला गाळ? त्यात सगळं मिसळलेलं असणार. काही उपयोग नाही.”

“एक पेटी, एक घमेलं,” मावशी म्हणाल्या. “माझ्याकडे काही मिसळत नाही.”

धाकटीने पुडी उघडून गाळ एका काचेवर पसरला आणि भिंगाखाली घेतला. मग चिमट्याने काहीतरी उचललं, टाचणीच्या डोक्याएवढं, करडं.

“कपची आहे,” ती म्हणाली. “कीटणाची. आख्खी.”

पुढचे दोन महिने ती गाळ निवडत बसली, तांदळातले खडे वेचावेत तशी. बाहेरचा थर भिजलेला, बिघडलेला होता. तो खरवडून टाकून आतलं तेवढं घ्यायचं होतं. सात पुड्यांपैकी पाचांत वापरता येण्यासारखं निघालं. फुलझाडांना गेलेल्या चारांत सर्वात जाड कीटणाच्या जबड्याचा गाळ होता. तो गेला तो गेलाच. मॅडमनी काम धाकटीकडेच ठेवलं, मुदत वर्षभराने वाढवली, आणि मावशींच्या नावाने ताकिदीचं एक पत्र काढलं. मावशींनी ते धाकटीकडूनच वाचून घेतलं, घरी, चहा पिताना. “एवढंच?” त्या म्हणाल्या. “मला वाटलं भाषा जरा कडक असेल.”

टिपकागद सगळ्या इमारतीला सांगत सुटला की आपल्याला हे आधीपासून ठाऊक होतं. त्याच्या जिभेला आता धोका राहिला नव्हता.

एका दुपारी धुलाईच्या खोलीच्या दारात पावलं वाजली. मावशी कुंडीवर वाकल्या होत्या. वळून पाहिलं तर धाकटी. दोन वर्षांत ती पहिल्यांदाच जिन्याची शेवटची पायरी उतरली होती. मागे टिपकागद न धुताच वर नेलेल्या उरलेल्या पेट्यांची गाडी ढकलत होता.

“आठ पेट्या आहेत,” धाकटी म्हणाली. “त्या धडधाकट लोकांच्या. दातांना हात लावायचा नाही.”

“ऐकलं. आणखी?”

“आणखी...” ती स्टुलावर बसली. “सहा नंबरची बाई. जिचा जबडा मिटला होता.”

“तिचं काय?”

“तिच्या कपचीत पीठ निघालं. अगदी वस्त्रगाळ. बाकी कुणाच्या दातांत तसं नाही, बाकीच्यांत भरड आहे. म्हणजे तिच्यापुरतं वेगळं दळत होते. आणि एका झाडाच्या सालीचे कण निघालेत. ते झाड या भागात उगवतच नाही. कुणीतरी लांबून आणून तिला देत होतं, वर्षानुवर्षं. औषधच असणार, तपासणी अजून चालू आहे.”

“म्हणजे टाकून दिलं नव्हतं.”

“निदान तिला तरी नाही.”

“हे मी त्याला तेव्हाच सांगितलं होतं,” मावशी टिपकागदाकडे बोट दाखवून म्हणाल्या. “नुसता अंगठा फिरवून. तुला दोन महिने आणि लाखाचं यंत्र लागलं.”

“मला का नाही सांगितलंत?”

“तू कुठे भेटतेस मला? जिन्यात समोरून येतेस आणि भिंत बघत जातेस. दोन वर्षं झाली. मी काय खांब आहे? घरात आई आई, आणि इथे सासू म्हणजे झाडू! कसली लाज वाटते तुला माझी, ते सांग एकदा तोंडावर.”

टिपकागदाने फडकं हातात घेतलं आणि कोरडंच हाड पुसायला लागला.

“तुम्हीच सांगितलं होतंत,” धाकटी म्हणाली.

“मी?”

“माझ्या कामाच्या पहिल्या दिवशी. बसमधून उतरताना. तुम्ही म्हणालात, आता इथून पुढे तू कोण आणि मी कोण. नातं घरी ठेवायचं. जिन्यात समोर आले तरी ओळख द्यायची नाही, नाहीतर लोक म्हणतील सासूच्या वशिल्याने लागली. मला वाटलं, तुम्हाला आवडत नाही. म्हणून तर खाली आले नाही, चिठ्ठी दिली.”

मावशींनी ओला हात ॲप्रनला पुसला. पुन्हा पुसला. बसमधून उतरताना, हो. पाऊल जमिनीला लागायच्या आत बोलल्या होत्या त्या हे. वशिल्याचं कारण तोंडाला सुचलं होतं. आत दुसरंच काही होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या हुशार मुलीची सासू तळघरात घमेली विसळते, हे लोकांनी म्हणू नये म्हणून. ते मुलीसाठी होतं की स्वतःसाठी, याचा निवाडा त्यांनी तेव्हाही केला नव्हता आणि आता दोन माणसांसमोर करायचा त्यांचा विचार नव्हता. पण कुणाला तरी निवाडा ऐकवल्याशिवाय गप्प बसणं हेही त्यांच्या रक्तात नव्हतं.

त्यांनी पहिल्या पेटीचं झाकण उघडलं, आत डोकावून चिठ्ठी नाही याची खात्री केली आणि मग धाकटीकडे वळल्या.

“चार वर्षं झाली तुला या घरात येऊन,” त्या म्हणाल्या. “भांडी उपडी ठेव म्हटलं, नाही ठेवलीस. ओलं फडकं दारावर टाकू नको म्हटलं, रोज टाकतेस. उपाशी घराबाहेर पडू नको म्हणून घसा कोरडा केला, ते तर तू या कानाने सुद्धा घेतलं नाहीस. चार वर्षांत माझं एकच ऐकलंस, आणि नेमकं तेच ऐकायचं नव्हतं!”